हवेची वही

संध्याकाळी आयटी पार्कच्या फेज वनमधल्या कुठल्याही उंच गच्चीवर गेलं की हिंजवडी एका नजरेत येते. पूर्वेला वाकडचे मनोरे, पश्चिमेला मुळशीच्या अंगाने सरकत गेलेले डोंगर, मधून मान गावाकडे निघालेला रस्ता, त्याच्या डोक्यावर मेट्रोचा पूल, आणि जिकडे पाहावं तिकडे बांधकामाच्या पिवळ्या क्रेन. शिवाजी चौकाकडे लाल दिव्यांची रांग लागलेली असते. एवढं डोळ्यांना दिसतं. जे दिसत नाही ते याहून कितीतरी दाट आहे. रांगेतल्या प्रत्येक गाडीत एखादा तरी फोन टॉवरशी बोलत असतो. कुणी गाणं ऐकतंय, कुणी पुढचा रस्ता किती तुंबलाय ते बघतंय, मागच्या सीटवर बसल्या बसल्या कुणी अमेरिकेतल्या सकाळच्या मीटिंगला हजर झालंय. मारुंजीच्या पीजीमध्ये पोरं खोलीवर येऊन मॅच लावून बसलीत. ही सगळी चित्रं, सगळे आवाज एकाच हवेतून चाललेले असतात, एकमेकांच्या अंगावरून आणि अंगातूनही.

माझं काम या हवेशी आहे. तारेविना चालणाऱ्या वेगवान इंटरनेटवरून चित्र आणि आवाज न तुटता कसे पोचवायचे, याच्या संशोधनासाठी आम्ही इथे एक टेस्टबेड, म्हणजे प्रयोगांसाठीचं जाळं, उभं केलं आहे. काही गच्च्यांवर लोखंडी पाइप, पाइपांवर पांढऱ्या ताटांसारख्या अँटेना, प्रयोगशाळेत रात्रंदिवस व्हिडिओ पाठवत राहणारा एक सर्व्हर, पलीकडे तो घेत राहणारे तळहाताएवढे संगणक. यातली एकही वस्तू नवलाची नाही. सगळं बाजारात मिळतं. आमचं म्हणून जे आहे ते या दोन टोकांच्या मध्ये घडणाऱ्या गोष्टींची नोंद. कुठलं पॅकेट, म्हणजे माहितीचा कुठला तुकडा, कधी निघालं, कधी पोचलं, पोचलंच नाही तर त्या क्षणी सिग्नल किती होता, चॅनेलवर दुसरं कोण बोलत होतं. आमचे विद्यार्थी तिला ‘वही’ म्हणतात, जरी ती कागदावर नसली तरी.

इतका खटाटोप कशाला, असं बाहेरचे लोक विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. लिनक्समध्ये सोय आहे: शंभरातलं एक पॅकेट हरव, बाकीच्यांना ५० मिलिसेकंद उशीर कर, असं सांगितलं की टेबलावरच वाईट नेटवर्क तयार होतं. आम्हीही ते वापरतो; नव्या विद्यार्थ्याची सुरुवात तिथूनच होते. पण खरी हवा अशी मोजून-मापून घेत नाही. ती बराच वेळ काहीच घेत नाही आणि मग एका सेकंदात ओंजळभर पॅकेट एकदम नेते. शंभरात एक हे सरासरीचं गणित दोन्हीकडे सारखंच भरतं, बघणाऱ्याला मात्र एकीकडे काही जाणवत नाही आणि दुसरीकडे समोरच्याचा चेहरा मोडतो.

तो का मोडतो, हे जरा सावकाश सांगायला हवं. हाय डेफिनिशन चित्र जसंच्या तसं पाठवायचं म्हटलं, तर १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येकाच्या रंगाला २४ बिट, सेकंदाला ३० फ्रेम: हिशेब दीडशे कोटी बिटांच्या आसपास जातो. प्रत्यक्षात ते ५० लाख बिटांत बसवतात. म्हणजे जवळजवळ तीनशेपट दाबलेलं. हे जमतं, कारण एका फ्रेममधून दुसऱ्या फ्रेममध्ये फारसं काही बदलत नाही. मागची भिंत तीच, शर्ट तोच, हलले ते फक्त ओठ. म्हणून थोड्या थोड्या वेळाने एक पूर्ण फ्रेम पाठवायची, आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढं सांगायचं. कीर्तनात बुवा चाल लावून देतात आणि मागचे टाळकरी तीच धरून पुढे जातात, तसं हे चालतं. मधला एखादा टाळ चुकला तर निभावतं. चाल देणारा सूरच ऐकू आला नाही, तर बुवा पुन्हा तोंड धरेपर्यंत सगळी रांग भरकटते. पूर्ण फ्रेमचं एखादं पॅकेट हरवलं की पडद्यावर हिरवे-करडे चौकोन पसरतात आणि पुढची पूर्ण फ्रेम येईतो ते जात नाहीत. तीनशेपट दाबून जे उरलं, त्यातला कण न् कण मोलाचा असतो, आणि हवेला त्यातलं मोल कळत नाही.

या क्षेत्रातल्या लोकांचा एक सामाईक ओळखीचा माणूस आहे. हेल्मेट घातलेला, बांधकामाच्या जागेवर उभा, कॅमेऱ्याकडे तोंड करून तावातावाने काही सांगणारा. ‘फोरमन’ या नावाची ही क्लिप आहे, ३०० फ्रेमची, जेमतेम दहा सेकंदांची, ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांची. बोलता बोलता तो बाजूला होतो आणि कॅमेरा झपकन वळून अर्धवट बांधलेल्या इमारतीवर जातो. ती वळणारी हालचाल कॉम्प्रेशनला जड जाते, म्हणूनच जगभरच्या प्रयोगशाळांनी वर्षानुवर्षं हीच क्लिप वापरली. माझ्या विद्यार्थ्यांनी त्याला इतक्या वेळा तुटताना पाहिलंय की त्याच्या कुठल्या भुवईपाशी चौकोन उमटणार हे ते आधी सांगतात. खिडकीबाहेर तसंच अर्धवट बांधकाम, तशीच हेल्मेटं, आणि पडद्यावर तो. आज याहून मोठी, चांगली चित्रं उपलब्ध आहेत; २००८ साली निघालेला ‘बिग बक बनी’ हा खुला ॲनिमेशनपट तर सगळ्यांच्याच सर्व्हरवर असतो. तरी नवी जोडणी तपासताना मी पहिल्यांदा फोरमनलाच पाठवतो. माणसाचा चेहरा नीट पोचला की बाकीचं पोचतं.

बिनतारी टेस्टबेडच्या दोन परंपरा आहेत. अमेरिकेत रटगर्स विद्यापीठाने ‘ऑर्बिट’ नावाची जाळी उभी केली: एका मोठ्या दालनात छताला टांगलेले ४०० रेडिओ, वीस आडव्या आणि वीस उभ्या ओळी, एकमेकांपासून मीटरभर अंतरावर. काल केलेला प्रयोग उद्या तसाच्या तसा करता यावा, ही त्यामागची इच्छा. शास्त्राला ती हवीच. दुसरीकडे एमआयटीच्या मंडळींनी केंब्रिज गावातल्या लोकांच्या घरांच्या छपरांवर रेडिओ लावून ‘रूफनेट’ केलं, जिथे कालचा दिवस आज परत येत नाही. दोन्ही कामं मला आदरणीय वाटतात. पण माझा ओढा छपरांकडे आहे, कारण माणसं दालनात राहत नाहीत.

आपल्याकडे या छपरांच्या वाटेवर चांगली माणसं आधीच चालून गेली आहेत. आयआयटी कानपूरमध्ये भास्करन रामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘डिजिटल गंगेटिक प्लेन्स’ प्रकल्पात साध्या वायफायला गावागावांतल्या उंच मनोऱ्यांवर चढवलं आणि दहा-दहा, वीस-वीस किलोमीटर न्यायला लावलं. वायफायची रचना खोलीपुरती. पॅकेट पाठवलं की पलीकडून पोच यायला हवी, आणि ती ठरलेल्या मायक्रोसेकंदांत आली नाही तर पाठवणारा ते हरवलं समजून पुन्हा पाठवतो. प्रकाशाच्या वेगानेही एका किलोमीटरला ३.३ मायक्रोसेकंद लागतात. तीस किलोमीटरवरची पोच वाटेत असतानाच इकडचा रेडिओ धीर सोडतो. त्या सवयी मुळातून बदलाव्या लागल्या. तमिळनाडूत थेनीला अरविंद नेत्र रुग्णालयाने बर्कलीच्या एरिक ब्रुअर यांच्या गटाबरोबर अशाच लांब पल्ल्याच्या वायफायवरून खेड्यांतली तपासणी केंद्रं जोडली. रुग्ण आपल्या गावाजवळ बसलेला, डॉक्टर शहरात, मध्ये व्हिडिओ. बिनतारी व्हिडिओचं संशोधन कुणासाठी करायचं असं मला कुणी विचारलं, तर मी थेनीचं नाव घेतो.

आणि महाराष्ट्रात पालघर. तिथल्या खामलोली परिसरात आयआयटी मुंबईच्या अभय करंदीकर यांच्या गटाने टीव्हीच्या रिकाम्या चॅनेलांवरून इंटरनेट नेण्याचं टेस्टबेड उभारलं. आपल्याकडे ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ हा पट्टा तेव्हा दूरदर्शनच्या प्रक्षेपणासाठी ठेवलेला होता. ८ मेगाहर्ट्झचं एक, अशी त्यात १५ चॅनेलं. याच गटातल्या संशोधकांनी हिशेब मांडून दाखवला, की जवळजवळ कुठेही उभं राहिलं, तरी पंधरापैकी किमान बारा रिकामीच होती. या लहरी लांबीला मोठ्या, झाडापानांतून वाट काढणाऱ्या. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आलेलं, पण पाडे झाडीत विखुरलेले. तो शेवटचा टप्पा या लहरींनी ओलांडायचा. त्यातूनच पुढे वाढलेल्या ‘ग्राममार्ग’ या कामाला २०१७ साली मोझिलाच्या ‘इक्वल रेटिंग’ स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. मला बक्षिसापेक्षा जागेची निवड मोठी वाटते. पवईच्या हिरव्यागार आवारात अँटेना लावून निबंध लिहिता आला असता. ती मंडळी जिथे अडचण होती तिथे गेली.

आमच्या जाळ्याचं एक टोक मान गावात आहे, तात्यांच्या घरावर. तात्यांची थोडी जमीन आयटी पार्कसाठी गेली, थोडी राहिली. हिंजवडी-मानच्या पट्ट्यात तेव्हा भात आणि ऊस होता. इथे साखर कारखान्याचं भूमिपूजन ठरलं होतं, ती जागा आयटीसाठी ठेवायला सांगितली आणि कारखाना दुसरीकडे न्यायला लावला, ही आठवण शरद पवारांनी जाहीर भाषणांतून सांगितलेली आहे. तो, म्हणजे संत तुकाराम कारखाना, पुढे कासारसाईला उभा राहिला. तात्यांचा ऊस तिकडे जातो आणि त्यांची नात इकडे फेज टूमध्ये नोकरीला आहे. आम्ही पाइप लावायची परवानगी मागायला गेलो, तेव्हा त्यांनी भाडं विचारलं नाही. “वीज पडंल का यानं?” एवढंच विचारलं. अर्थिंग कसं करतो ते दाखवलं, तेव्हा स्वतः पहार घेऊन खड्डा खणायला आले.

त्यांच्या गच्चीवरून प्रयोगशाळेची गच्ची दिसते. पण नुसतं दिसून भागत नाही. रेडिओलहर दोरीसारखी सरळ रेषेत जात नाही. दोन टोकांमध्ये ती पोटाशी फुगलेली असते. ५.८ गिगाहर्ट्झला दोन किलोमीटरच्या मध्यावर हा फुगवटा चारी बाजूंना पाच मीटरचा होतो, आणि त्यातली निदान साठ टक्के जागा मोकळी लागते. म्हणजे झाडाचा शेंडा रेषेच्या खाली असला तरी सिग्नलच्या वाटेत असू शकतो. तात्यांच्या शेजारी जुना आंबा आहे. तो तोडावा, असं कुणाच्या मनातही आलं नाही. पाइप उंच केला, ताण द्यायला तीन तारा बांधल्या, अँटेनाला येणाऱ्या केबलला खाली झोळ दिला, म्हणजे पावसाचं पाणी केबलवरून ओघळत जोडापर्यंत न जाता झोळाच्या तळाशी गळून पडेल. जोडावर आधी रबरी टेप, तिच्यावर काळी टेप, गुंडाळताना खालून वर, कौलं लावतात त्या क्रमाने. या गोष्टी कुठल्याही शोधनिबंधात छापल्या जात नाहीत. पावसाळ्यात जोडणी टिकते ती यांच्यावर.

पावसाबद्दल सगळ्यांचा एक समज असतो: पाऊस आला की नेट जातं. मोजायला बसलं की तो सुटा सुटा होतो. ५.८ गिगाहर्ट्झची लहर पाच सेंटिमीटर लांब. पावसाचे थेंब तिच्यापुढे नगण्य. दोन किलोमीटरवर धो धो पाऊस असला तरी थेंबांमुळे होणारी घट मोजणीच्या कोपऱ्यात शोधावी लागते. ६० गिगाहर्ट्झवर चित्र पार उलट होतं. तिथे तासाला ५० मिलिमीटरचा पाऊस किलोमीटरमागे १५ डेसिबलहून जास्त खातो, म्हणजे तीस भागांतला जेमतेम एक भाग पलीकडे जातो. याच पट्ट्याच्या आसपासच्या लहरी जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात निर्माण केल्या होत्या, हे आठवलं की मला अजून भरून येतं. पण आमची जोडणी ५.८ वर, आणि तरीही आषाढात आमचा सिग्नलचा आलेख खचतो. तेव्हा खातं कोण?

याचं उत्तर आलेखात शोधण्याआधी तात्यांकडून मिळालं. ते म्हणाले, “मुळशीकडनं भरून आलं की अर्ध्या घंट्यात इथं उतरतं. पण पाऊस थांबल्यावरबी तुमचं खालीच असतंय का नाय? आंबा निथळंस्तोवर तसंच राहणार.” नोंद उघडून पाहिली, तर तसंच. पाऊस थांबतो, आलेख वर येत नाही. वारा सुटून झाड झडलं की येतो. पाण्याने माखलेलं पान लहरीला अडवतं आणि पसरवतं, आणि वाऱ्याने हलणारं ओलं झाड ती अडवणूक दर क्षणी बदलतं. शिवाय अँटेनाच्या तोंडावर पाण्याचा पातळ पडदा धरतो. आणि तिसरं कारण हवेत नाहीच: पाऊस लागला की माणसं घरात राहतात, घरोघर व्हिडिओ सुरू होतात, आणि त्याच चॅनेलवर गर्दी होते. तीन निराळी कारणं, तीन निराळे उपाय. ‘पावसाने नेट गेलं’ या वाक्यात तिन्ही बुजून जातात.

यातलं खरं कारण कुठलं, हे ओळखणं महत्त्वाचं, कारण इंटरनेटचा जुना शहाणपणा तारेवर वाढलेला आहे. पॅकेट हरवलं म्हणजे पुढे वाट तुंबली, असं टीसीपी, म्हणजे इंटरनेटवर पॅकेटची ने-आण सांभाळणारा नियमसंच, समजतं आणि वेग एकदम खाली आणतं. तारेत ते बहुतेक खरं असतं. हवेत पॅकेट एखाद्या ओल्या पानापाशी हरवतं, पुढे वाट सताड मोकळी असते, तरी पाठवणारा सावध होऊन थबकतो. वायफायचा रेडिओ स्वतःच तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवून हे हरवणं झाकतो. मग नोंदीत हरवलेलं काही दिसत नाही, दिसतो तो उशीर. साठवलेला सिनेमा बघणाऱ्याला त्याचं काही नाही. २००९ मध्ये आलेलं ॲपलचं एचएलएस किंवा २०१२ मध्ये प्रमाण ठरलेलं डॅश, व्हिडिओ पाठवायच्या या दोन्ही पद्धतींत चित्राचे काही सेकंदांचे तुकडे करून प्रत्येकाच्या जाड-बारीक प्रती ठेवतात. हवा बिघडली की प्लेअर बारीक प्रत उचलतो, आणि गाठीला आधीच साठवलेले सेकंद असतातच. बोलण्यात अशी साठवण करता येत नाही. एका बाजूचा आवाज १५० मिलिसेकंदांच्या आत पलीकडे गेला, तर संभाषण सहज वाटतं. त्यापुढे माणसं एकमेकांच्या बोलण्यात पाय घालायला लागतात. एवढ्याशा वेळात हरवलेलं परत मागवायला सवड कुठली?

हिंजवडीच्या हवेला रोजचा श्वास आहे, हे मला वहीनेच शिकवलं. सकाळी ऑफिसं भरली की पाच गिगाहर्ट्झ भरतं. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या मायक्रोवेव्हची गळती २.४ गिगाहर्ट्झमध्ये ठिपक्यांसारखी उमटते. रात्री मारुंजी-वाकड जागतं. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली की गावाकडचे राउटर बंद पडतात आणि आलेखाचा तळ एकदम शांत, खोल होतो. एखाद्या बांधकामाची क्रेन वळते आणि तिचा हात आमच्या वाटेत येतो. सिग्नल कुणी चिमटीत धरावा तसा खाली जातो आणि ती सरकली की सुटतो. कधी रेडिओला रडारची चाहूल लागते. तसं झालं की त्याने चॅनेल सोडायचं, दुसऱ्यावर जाऊन साठ सेकंद नुसतं ऐकायचं, आणि तिथे कुणी नाही याची खात्री पटल्यावरच बोलायचं, असा नियम यंत्रात बांधलेला आहे. व्हिडिओसाठी साठ सेकंद म्हणजे युग. तरी मला हा नियम आवडतो. विमानाचं आणि वादळाचं बोलणं आपल्या बोलण्याआधी.

ऐकण्याचं हे भान पुणे जिल्ह्याने जुन्नर तालुक्यात केव्हाच कमावलं आहे. आर्वीला १९७१ साली ‘विक्रम’ हे उपग्रह भूकेंद्र सुरू झालं आणि परदेशाशी उपग्रहामार्फत बोलणं शक्य झालं. त्याच वर्षी हवाई बेटांवर नॉर्मन अब्रॅम्सन यांच्या ‘अलोहा’ जाळ्याने पहिल्यांदा रेडिओवरून संगणकाची पॅकेट पाठवली. टक्कर झाली तर थोडं थांबून पुन्हा बोलायचं, हा वायफायचा स्वभाव तिथून आला. आणि आर्वीपासून जवळच खोडदला गोविंद स्वरूप यांनी जीएमआरटी उभी केली, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण लहरी ऐकण्यासाठी. तिथल्या लोकांना आपला मोबाइल म्हणजे कानाशी वाजलेला ढोल. २०१८ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने ५ गिगाहर्ट्झमधला ६०५ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय बाहेरही वापरायला मोकळा केला, तेव्हा आम्हाला आनंद झाला. त्याआधी यातला बराच भाग इमारतीच्या आतच वापरायची मुभा होती. मोकळी हवा मिळाली, की शक्ती कमीत कमी ठेवून काम भागवायची जबाबदारीही येते. आमच्याकडे हे पहिल्या दिवशी शिकवलं जातं.

चैत्री पौर्णिमेला हिंजवडीत ग्रामदैवत म्हातोबाच्या उत्सवात बगाड निघतं. गळकरी वर फिरतो, खाली गुलाल, आणि हजारो हात फोन उंचावून उभे. त्या दिवशी हिंजवडीची हवा उलटी वाहते. एरवी सगळा ओघ टॉवरकडून फोनकडे असतो. नेटवर्कही त्याच हिशेबाने बांधलेलं. बगाडाच्या दिवशी गाव बघत नाही, दाखवतं. मुंबईतल्या भावाला, दुबईतल्या मुलाला, सासरी गेलेल्या बहिणीला. आणि फोनची ताकद टॉवरच्या मानाने एवढीशी. गावाने पाठवलेल्या चित्राचा विचार संशोधनात फार कमी होतो, असं माझं मत आहे. आपण खेड्याला प्रेक्षक धरून चालतो.

चित्र चांगलं पोचलं का, हे ठरवायची शास्त्रशुद्ध पद्धत आहे. माणसांना बसवायचं, क्लिप दाखवायच्या, एक ते पाच गुण मागायचे: फार वाईट, वाईट, बरं, चांगलं, उत्कृष्ट. आता हे गुण संगणकानेच अंदाजाने देण्याची सूत्रंही निघाली आहेत, आणि ती उपयोगी आहेत. तरी आमच्या इमारतीच्या गेटवर रात्रपाळीला असणाऱ्या काकांनी जे सांगितलं ते कुठल्या सूत्रात बसवावं, मला उमगलेलं नाही. त्यांचं गाव परभणीकडे. रात्री नऊच्या पुढे मुलीला व्हिडिओ कॉल लावतात. गोल गोल फिरायला लागलं की फोन हातभर लांब धरतात, उठून गेटच्या दुसऱ्या खांबाशी जातात. एकदा मी त्यांना पाचपैकी किती गुण द्याल, असं विचारलं. ते म्हणाले, “आवाज तेवढा सलग राहू द्या साहेब. चित्र थांबलं तरी चेहरा समोर असतो. आवाज तुटला की पुन्हा ‘हां बोल, हां बोल’ करण्यातच येळ जातो, आणि तिला सकाळी शाळा असती.” त्यानंतर आमच्या प्रयोगात वाईट हवेत आधी आवाज वाचवायचा आणि मग चित्र, हा क्रम आम्ही कायम केला. वायफायच्या २००५ च्या सुधारणेत आवाजाला व्हिडिओच्या आधी मान दिलेला आहेच. काकांनी त्याचं कारण सांगितलं.

हे सगळं लिहायचं कारण वेगळं आहे. २००६ साली पुणे महापालिकेने इंटेलच्या साथीने ‘अनवायर पुणे’ योजना जाहीर केली होती. सगळं शहर बिनतारी होणार होतं, त्यासाठी वायमॅक्स या बिनतारी तंत्राचं नाव तोंडोतोंडी होतं. पुढे जगाने त्याऐवजी एलटीई उचललं. तंत्रज्ञान असंच बदलत राहणार: २०२२ च्या मे महिन्यात आयआयटी मद्रासच्या पुढाकाराने आठ संस्थांचं स्वदेशी ५जी टेस्टबेड देशाला मिळालं, उद्या ६जी येईल. पण आंब्याचं ओलं पान, गुरुवारची लाइट आणि मुळशीकडून येणारी सर तीच राहणार. म्हणून अशा कामातून मागे उरायला हवीत ती मोजमापं. आणि नेमकी तीच फेकली जातात, त्यातही वाईट दिवसांची आधी. निबंधात आलेख गुळगुळीत दिसावा म्हणून पावसाचे दिवस ‘अपवाद’ म्हणून वगळायची रीत आहे. जून ते सप्टेंबर हे चार महिने महाराष्ट्रात अपवाद कसे असतील? २०२० च्या टाळेबंदीत सिंधुदुर्गातल्या एका विद्यार्थिनीला सिग्नल मिळावा म्हणून घरच्यांनी डोंगरावर झोपडी बांधून दिली होती, आणि ती भर पावसात तिथे बसून वर्ग ऐकत होती. तिचा दिवस ज्या नोंदीत नाही, ती नोंद माझ्या लेखी अपुरी आहे.

तेव्हा हिंजवडीत, ताथवड्यात, बालेवाडीत, जिथे कुठे संगणक आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी मुलं आहेत, त्यांना आणि त्यांच्या शिक्षकांना एवढंच मागणं आहे. मोठ्या निधीची वाट पाहू नका. दोन रेडिओ, दोन छोटे संगणक आणि वेळ जुळवायला एक जीपीएस घड्याळ यांवर सुरुवात होते. एक टोक कॉलेजवर ठेवा, दुसरं एखाद्या गावातल्या घरावर, आणि त्या घरातल्या माणसांना विचारत राहा. पहिली सर यायच्या आधी नोंद सुरू करा, दसऱ्यापर्यंत थांबवू नका, आणि जे हाती येईल ते वाईट दिवसांसकट सगळ्यांसाठी खुलं ठेवा.